श्वासाच्या एकवीस वाटा

दोन फुफ्फुसांची नुसती बाह्यरेषा. एकदा समोरून पाहिलेली, एकदा बाजूने. आत रक्तवाहिन्या नाहीत, श्वासनलिका नाहीत, छायाप्रकाश नाही. त्या रिकाम्या आकृतीत ठिकठिकाणी बारीक वळ्या काढल्या आहेत. काही उभ्या नि लांबट, काही मधोमध फुगलेल्या, तर काही इतक्या आखूड की ठिपका म्हणावं की रेघ, असा प्रश्न पडावा. एकेक वळी म्हणजे एकेका छातीतल्या कर्करोगाच्या गाठीने श्वासागणिक केलेली ये-जा. गाठी एकवीस, माणसं वीस.

हे चित्र २००२ साली किरणोपचाराच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात इव्हेट सेपेनवूल्डे आणि सहकाऱ्यांच्या निबंधात छापून आलं. कवितेचं रसग्रहण होतं, बंदिशीचं होतं, शिल्पाचं होतं. शास्त्रीय निबंधातल्या आकृतीच्या वाट्याला ते सहसा येत नाही. ती पाहायची, समजून घ्यायची आणि पान उलटायचं. पण काही आकृत्या थांबवून धरतात. ही त्यांतली एक. काढणाऱ्याने काय ठेवलं आणि काय गाळलं हे पाहायला लागलो, की तिच्यातला विचार उलगडत जातो.

आधी ती कशी जमली ते सांगायला हवं, कारण तिचा अर्धा रस तिथेच आहे. जपानमध्ये सप्पोरोच्या होक्काइडो विद्यापीठात हिरोकी शिराटो यांच्या गटाने गाठीवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी केली होती. ब्राँकोस्कोपमधून फुफ्फुसात उतरून, गाठीत किंवा तिच्या लगत, सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची सोन्याची गोळी बसवायची. मऊ फुफ्फुसात गाठीच्या कडा क्ष-किरणांना धूसर दिसतात, सोनं मात्र लख्ख दिसतं आणि शरीरही त्याला बोलत नाही. खोलीत क्ष-किरण कॅमेऱ्यांचे चार संच. लिनॅकचं, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्राचं, डोकं फिरताना एखाद्याच्या आड येतं, म्हणून चारांपैकी जे दोन मोकळे असतील त्यांनी पाहायचं. सेकंदाला तीस वेळा गोळीची जागा मोजायची. ती ठरलेल्या जागेपासून काही मिलिमीटरच्या आत असेल तरच किरण सोडायचे, नसेल तर थांबायचं. श्वासाच्या तालावर किरण चालू-बंद करण्याची कल्पना जपानमध्ये त्याआधीचीच, त्सुकुबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये ती मांडली होती. शिराटोंनी छातीबाहेरच्या खुणेवर न विसंबता आतच डोळा बसवला.

म्हणजे ही मापं चित्र काढण्यासाठी घेतलेली नव्हती. ती उपचाराची नोंद होती, यंत्राने किरण केव्हा सोडले आणि केव्हा थांबवले याची रोजनिशी. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर बसून ती वाचली, आणि त्या आकड्यांच्या ढिगातून या वळ्या निघाल्या. दुसऱ्या कामासाठी ठेवलेल्या हिशेबवहीतून एखादं चरित्र हाती लागावं, त्या जातीचा हा आनंद आहे.

आता चित्राकडे. नजर आपसूक खाली जाते. तळाशी, श्वासपटलाच्या जवळ, वळ्या सर्वांत लांब आहेत. साध्या श्वासात श्वासपटल साधारण एक-दोन सेंटिमीटर खालीवर होतं आणि त्याच्या शेजारची गाठ त्याच्यासोबत ओढली जाते. वर, खांद्याकडच्या टोकाला, वळ्या आक्रसतात. निबंधाचा सरासरी आकडा असा: खालच्या भागातल्या, कशाला न चिकटलेल्या गाठी डोक्याकडून पायाकडे सरासरी बारा मिलिमीटर हलतात; डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे जेमतेम दोन. आकडा खरा आहे, उपयोगाचाही आहे. पण चित्र त्या आकड्याशी भांडतं. बारा मिलिमीटरची आदर्श वळी शोधायला गेलो तर हाताला लागते ती प्रत्येकाची वेगळी रेघ. कुणाची तिरपी, कुणाची सरळ, कुणाची जागच्या जागी घुटमळणारी. चित्रकाराने इथे एक चांगली गोष्ट केली: सरासरीची अशी बाविसावी वळी काढलीच नाही.

हाडाला चिकटलेल्या गाठींभोवती चित्रात वेगळी खूण आहे. बरगडीला किंवा कण्याला धरून बसलेली गाठ, खालच्या भागात असली तरी, फारशी हलत नाही. म्हणजे 'खालची गाठ हलते' हा नियम सांगता सांगताच चित्र त्याचे अपवाद दाखवून मोकळं होतं. आणखी एक प्रामाणिकपणा त्यात आहे, तो नजरेतून सुटू नये. वळ्या फुफ्फुसाच्या प्रमाणात काढलेल्या नाहीत, दिसाव्यात म्हणून मोठ्या केल्या आहेत. जागाही उपचाराच्या कागदांवरून अंदाजे ठेवलेल्या. हा नकाशा नव्हे. एकवीस स्वभाव एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले आहेत, आणि आकृतीचा सगळा जोर त्या शेजारावर आहे.

माझं मन सर्वांत जास्त रमतं ते फुगलेल्या वळ्यांत. श्वास घेताना गाठ ज्या वाटेने खाली गेली, त्याच वाटेने सोडताना वर आली, तर चित्रात एकच रेघ उमटेल. जवळजवळ निम्म्या गाठींत तसं झालं नाही. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी, आणि दोहोंत एक ते पाच मिलिमीटरचं अंतर. आमच्या बेळगाव-धारवाडकडच्या माणसाला हे समजवायला शास्त्रज्ञ लागत नाही. भीमपलासात चढताना रिषभ आणि धैवत वगळायचे, उतरताना सातही स्वर घ्यायचे. आरोह ऐकून अवरोह ठरवणाऱ्याची फसगत होते. फुफ्फुसाचंही तसंच आहे. ते लवचीक आहे, पण स्प्रिंगसारखं सरळ हिशेबी नाही. फुगताना जितक्या दाबाला जितकं फुगतं, रिकामं होताना तितक्याच दाबाला तितकंच उरत नाही. शिवाय छाती आणि पोट ही दोघं दर वेळी एकदम हलतात असंही नाही. एक थोडं पुढे, एक थोडं मागे.

या फुगवट्याचा अर्थ किरणोपचाराच्या खोलीत फार व्यवहारी आहे. सगळ्यांच्या फुफ्फुसात सोनं बसवणं शक्य नाही आणि बसवूही नये. सुई किंवा नळी आत नेण्यात फुफ्फुसातली हवा बाहेर पडण्याचा धोका असतोच. म्हणून बहुतेक ठिकाणी पोटावर एक हलकी प्लॅस्टिकची डबी ठेवतात, तिच्यावर चकाकते ठिपके असतात आणि कॅमेरा त्या ठिपक्यांची उंची पाहत राहतो. डबी वर म्हणजे श्वास आत, डबी खाली म्हणजे श्वास बाहेर. पण डबी निम्म्या उंचीवर असताना गाठ कुठे आहे? चित्रातल्या फुगलेल्या वळ्या सांगतात की दोन उत्तरं आहेत. पोट चढत असेल तर एक, उतरत असेल तर दुसरं. नुसती उंची पाहून भागत नाही, दिशाही पाहावी लागते.

आमच्या लोंढ्यात हे सगळं मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगायला गेलो, तेव्हा प्रश्न दुसराच आला. रेल्वेत आयुष्य काढलेले आमचे एक मामा, फुफ्फुसात गाठ निघालेली, किरणांचा शेक सुरू व्हायचा होता. त्यांनी विचारलं, "सर, मी श्वास घेतलो म्हणजे मशीन चुकतंय काय हो?"

प्रश्न बिनतोड आहे. श्वास दर तीन-पाच सेकंदांनी येतो, आणि किरण एका बाजूने चालू राहतात ते त्याहून कितीतरी जास्त वेळ. सीटी स्कॅन तर आणखी फसवतं. गाठ वर असताना एक काप निघाला, खाली असताना दुसरा, तर कागदावर गाठ तुटलेली, दबलेली किंवा चक्क दोन ठिकाणी दिसू शकते. पूर्वीचा उपाय सोपा आणि महागडा होता: गाठीभोवती सगळीकडून मोकळी जागा सोडायची आणि तेवढ्या सगळ्यावर किरण द्यायचे. त्याची किंमत काय, ते मामांना मी आकड्यांत सांगितलं, कारण रेल्वेच्या माणसाला आकडे चालतात. तीन सेंटिमीटरची गोल गाठ धरली तर तिचं घनफळ चौदा घन सेंटिमीटर. चहूबाजूंनी पाच मिलिमीटर वाढवलं की तेहतीसच्या वर. दहा मिलिमीटर वाढवलं की पासष्ट. साडेचारपटीहून जास्त जागेत किरण जाणार, आणि त्यातली साडेतीनपटीहून जास्त जागा निरोगी फुफ्फुसाची. हलते एकाच दिशेने, दंड मात्र सगळीकडून. १९९९ साली किरणांच्या मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आपल्या ६२ क्रमांकाच्या अहवालात शरीराच्या आतल्या हालचालीसाठीची ही जागा वेगळी धरायला सांगितलं. नंतर २००३ च्या सुमाराला श्वासाच्या टप्प्यांनुसार छायाचित्रं वेगळी करणारं चार मितींचं सीटी आलं. एका श्वासाचे साधारण दहा टप्पे, प्रत्येकाचं स्वतंत्र चित्र. गाठ जिथे जिथे जाते तेवढीच जागा आखायची. म्हणजे माणसाची स्वतःची वळी मोजायची आणि तिच्याभोवतीच कुंपण घालायचं.

इथे आमच्या भागाबद्दल थोडं. लोंढ्याला गाडी तीन दिशांना फुटते. खानापूर-बेळगावहून मिरजेकडे, अळणावर-धारवाडहून हुबळीकडे, आणि कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे. कर्करोगाचं निदान झालेल्या घरात यांतल्या पहिल्या दोन वाटांची चर्चा होते. मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल, हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, आणि बेळगावात केएलईचं कर्करोग रुग्णालय, ज्याचं उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. फुफ्फुसाचा नेहमीचा शेक म्हणजे दोन ग्रे प्रमाणे तीस वेळा, साठ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. पावसाळ्यात लोंढ्याहून रोज जाऊन येणं कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा कुठलं तंत्र भारी, यापेक्षा कुठलं तंत्र या माणसाला झेपेल, हा प्रश्न आमच्याकडे आधी येतो.

आणि वर निपाणी. विडीच्या तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले ते हेच. तंबाखूच्या वखारीत धूळ गिळत बसलेल्या बायका, वर्षानुवर्षं विडी ओढणारे पुरुष, आणि खानापूर तालुक्याच्या दमट घरांतला चुलीचा धूर. या छात्या कर्करोगाआधीच दमलेल्या असतात. श्वास रोखून धरण्याची पद्धत कागदावर सर्वांत सुबक: छाती भरून श्वास घ्या, धरा, गाठ थांबली, किरण सोडले. पण पंधरा-वीस सेकंद श्वास धरणं दम्याच्या माणसाला जमत नाही. जमलं तरी दर वेळी सारखं जमत नाही. म्हणून ज्याच्या फुफ्फुसाला या पद्धतीची सर्वांत जास्त गरज, तोच बहुधा तिच्यातून बाद होतो. त्याच्यासाठी मोकळा श्वास, चार मितींचं सीटी, नाहीतर पोटावर हलकी दाबपट्टी बसवून श्वास उथळ करणं, असे साधे मार्ग उरतात. मला ते कमी प्रतीचे वाटत नाहीत. चित्रातल्या वरच्या आखूड वळ्या पाहिल्या की कळतं, कित्येकांना याहून जास्त काही लागतही नाही.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पॉल कील यांच्या अध्यक्षतेखाली श्वासाच्या हालचालीवर अहवाल काढला. त्यांनी हेच चित्र परवानगी घेऊन पुन्हा छापलं. त्या अहवालाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी शिफारस म्हणजे पाच मिलिमीटरची: कुठल्याही दिशेने गाठ त्याहून जास्त हलत असेल तर श्वासाचा बंदोबस्त करण्याचा विचार करा, आणि तो रोग्याला सोसवत असेल तरच करा. हा शेवटचा भाग मला पाच मिलिमीटरपेक्षा मोलाचा वाटतो.

पुन्हा चित्राकडे येतो, कारण त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती निबंधाच्या मजकुरात भरून निघते. चित्रात वेळ नाही. वळी पाहून वाटतं, गाठ एका लयीत फिरते आहे. मजकूर सांगतो, तसं नाही. श्वास सोडल्यावर गाठ जास्त वेळ थांबते, घेतल्यावर थोडाच. म्हणून तिची वेळेनुसार सरासरी जागा वळीच्या मध्यावर येत नाही, उच्छ्वासाच्या टोकाकडे सरकते. आणि त्या टोकाला ती तुलनेने स्थिर असते, श्वास आत घेतल्याच्या टोकाला जास्त बेभरवशाची. किरण सोडायचेच असतील तर उच्छ्वासाच्या शेवटी सोडा, या शहाणपणाला यातून आधार मिळाला. काही गाठींत तर श्वासाच्या वळीवर आणखी एक बारीक थरथर चढलेली सापडली, एक ते चार मिलिमीटरची. ती हृदयाच्या ठोक्याची. एकवीसपैकी सात गाठींत ती मोजता आली. मला हे वाचताना थोडं थबकायला झालं. गाठ मोजायला गेलेल्या यंत्राने न विचारता त्या माणसाचं काळीज मोजून ठेवलं होतं.

त्याहूनही सुंदर नोंद पुढे आहे. किरण चालू असताना, आणि एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे, उच्छ्वासाच्या टोकाची जागाच हळूहळू सरकताना दिसली. कारणं काय? झोपवताना आलेली चूक, रोग्याने केलेली हालचाल, गुरुत्वाकर्षणाने शरीर पाठीकडे खचणं; आणि रोगी निवांत होणं. टेबलावर निजलेला माणूस पहिल्या मिनिटाला घाबरलेला असतो, पाचव्या मिनिटाला सैलावतो, आणि त्याच्या सैलावण्याचे मिलिमीटर होतात. शास्त्रीय निबंधाच्या कोरड्या भाषेत 'निवांत होणं' हा शब्द कारणांच्या यादीत येतो, तो मला कवितेतल्या शब्दासारखा लागतो. म्हणूनच चांगला टेक्निशियन रोग्याशी आधी दोन शब्द बोलतो. आमच्याकडे ते बहुधा कानडीत, मग मराठीत. "उसिरु हिडीरी… बिडरी," आणि लगेच, "मावशी, श्वास धरा, हं, सोडा." आईच्या भाषेतला हुकूम ऐकून खांदे खाली येतात.

डाव्या स्तनाच्या कर्करोगात हाच श्वास कामाला येतो, त्याचा या चित्राशी थेट संबंध नाही पण उल्लेख टाळवत नाही. छाती भरून श्वास धरला की फुगलेलं फुफ्फुस हृदय आणि छातीची भिंत यांच्यामध्ये येतं, हृदय किरणांच्या वाटेतून दूर होतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या २०१३ च्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी दर एक ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. तेव्हा हे अंतर लहान नाही. फुफ्फुसातल्या गाठीपुढे जो श्वास अडचण होऊन उभा राहतो, तो इथे ढाल होतो. आणि या बायका बहुधा दम्याच्या नसतात, त्यांना वीस सेकंद जमतात.

चित्रावर माझे आक्षेप आहेत. सोन्याची गोळी म्हणजे गाठ नव्हे. गोळी एक बिंदू आहे; गाठ त्या श्वासात किंचित वळते, चेपते, ते बिंदूला कळत नाही. दुसरं, वीस माणसं फार थोडी, आणि ज्यांच्यात गोळी बसवता आली अशीच. तिसरा आक्षेप सौंदर्याचा आहे. एकेका गाठीला एकेक वळी देऊन चित्राने स्वभाव पक्का ठरवून टाकला. प्रत्यक्षात तीच गाठ पहिल्या दिवशी एक वळी काढते, चौथ्या आठवड्यात कधी कधी दुसरी; मधल्या काळात ती कधी लहान झालेली असते, आजूबाजूचं बंद पडलेलं फुफ्फुस कधी पुन्हा उघडलेलं असतं, माणूस चार किलोंनी उतरलेला असतो. मला त्याच चौकटीत एकाच माणसाच्या तीस दिवसांच्या वळ्या पाहायला आवडतील.

या शेवटच्या अडचणीसाठीच हल्ली बऱ्याच ठिकाणी किरण देण्याआधी टेबलावरच लहानसं सीटी काढतात, गाठ आज कुठे आहे ते पाहतात आणि टेबल काही मिलिमीटर सरकवून घेतात. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. "रोज बगायचंच आहे तर पयल्या दिवशी येवढं माप कशाला घेटले म्हणे?" मी म्हटलं, रोजच्या चित्रात गाठ कुठे आहे ते कळतं. ती कशी हलते, किती आणि कुठल्या वाटेने परत येते, हे पहिल्या दिवशी मोजलेलं असतं, आणि टेबल सरकवून ते बदलत नाही. वाट बदलली असं वाटलं तर पुन्हा स्कॅनला बोलावतात, पुन्हा आखणी करतात. मामांनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्याची बेळगावची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.